किशोरांसाठी पहिली अर्बन फँटसी: आधी गल्ली, मग मुलगी, जादू त्यानंतर

ठाणे आणि नवी मुंबईतल्या नव्या लेखकांची, तेरा ते सतरा वयाच्या मुलांसाठी लिहिलेल्या अर्बन फँटसीची, म्हणजे आजच्या शहरात घडणाऱ्या अद्भुत कादंबऱ्यांची हस्तलिखितं माझ्याकडे वाचायला येतात. कल्पना बहुतेकदा चांगली असते. चुकतो तो क्रम. लेखक आधी शक्तींची, शापांची आणि घराण्यांची वंशावळ मांडतो, मग त्यांना लढायला शहर शोधतो आणि सगळ्यात शेवटी त्या शहरात सोळा वर्षांची एक मुलगी आणून उभी करतो. वाचकाला हे सगळं उलट्या बाजूने भेटतं. आधी ती मुलगी दिसते, मग तिची गल्ली, मग त्या गल्लीत काहीतरी बिनसलंय अशी शंका येते, आणि त्यामागची शक्ती फार उशिरा कळते. म्हणून तयारीही त्याच क्रमाने करायची. खालचे टप्पे एकामागून एक घ्या. मधला एखादा वगळलात तर पुढे कुठेतरी परत मागे यावंच लागतं, आणि तोवर दोनशे पानं लिहून झालेली असतात.

टप्पा १: वाचक आणि आकार ठरवा

कागदावर एक ओळ लिहा: माझा वाचक किती वर्षांचा आहे? ‘सगळ्यांसाठी’ असं उत्तर आलं तर अजून ठरलेलं नाही असं समजा. या वयातली मुलं स्वतःपेक्षा वर्ष-दोन वर्षांनी मोठ्या मुलांबद्दल आवडीने वाचतात. म्हणजे वाचक चौदाचा असेल तर नायिका सोळाची ठेवा.

पहिल्या पुस्तकाला माझ्या मते चाळीस ते पन्नास हजार शब्द पुरतात. मराठीत विभक्ती आणि शब्दयोगी अव्यय शब्दालाच चिकटतात, त्यामुळे तेवढ्या शब्दांत मजकूर भरपूर बसतो. गोष्ट एकाच पात्राच्या नजरेतून सांगा. दोन-तीन नजरा सांभाळणं हे दुसऱ्या पुस्तकाचं काम.

*सावध:* ‘ही तीन भागांची मालिका आहे’ असं म्हणून पहिल्या भागात सगळं अर्धवट सोडू नका. पहिला भाग स्वतःच्या पायावर उभा राहिला नाही तर दुसरा कुणी मागत नाही.

टप्पा २: शहर घेऊ नका, एक किलोमीटर घ्या

‘माझी कादंबरी ठाण्यात घडते’ हे वाक्य फारसं काही सांगत नाही. नौपाड्यातलं ठाणं, वर्तकनगरच्या म्हाडा वसाहतीतलं ठाणं, घोडबंदर रोडच्या टॉवरमधलं ठाणं, कोपरीतलं आणि येऊरच्या पाड्यातलं ठाणं ही वेगवेगळी जगं आहेत. एकाच शाळेत येणाऱ्या दोन मुलांच्या घरी पाणी, लिफ्ट, देव, भाषा आणि रात्री बाहेर राहण्याची मुभा यांतलं काहीच सारखं नसतं. म्हणून पायी फिरून होईल एवढाच भाग निवडा. उदाहरणार्थ, जांभळी नाका, कौपिनेश्वर मंदिर, मासुंदा तलाव आणि तिथून स्टेशन. किंवा ऐरोली गाव, सेक्टरची हद्द आणि खाडीची खारफुटी.

त्या भागात तीन वेगळ्या वेळी जा: पहाटे, भर दुपारी आणि रात्री दुकानं बंद होताना. फोटो काढा, पण फोटोवर विसंबू नका. वहीत हे टिपा:

१. आवाज. कुठली घंटा, कुठला भोंगा, कुठल्या वळणावर रिक्षा गिअर बदलते.
२. वास. खाडीचा चिखल ओहोटीला वेगळा येतो, भरतीला वेगळा.
३. जागेवर कायम असणारी माणसं. वॉचमन, फुलवाली, क्लासच्या बाहेर उभी मुलं, बाकावरचे आजोबा.
४. मुलांची स्वतःची नावं. नकाशावरचं चौकाचं नाव आणि मुलं एकमेकांना सांगतात ते नाव सहसा वेगळं असतं. गोष्टीत मुलांचं घ्या.
५. बंद दारं. पंपहाऊस, वापरात नसलेला जिना, जाळी लावलेली विहीर. अर्बन फँटसीला लागणारा दरवाजा बहुतेक वेळा इथेच सापडतो.

नवी मुंबईबद्दल एक चूक इतकी वारंवार होते की तिच्यावर थोडं थांबायला हवं. अनेक हस्तलिखितांत हे शहर रिकाम्या जमिनीवर एका रात्रीत उगवल्यासारखं येतं: सेक्टर, मॉल, पाम बीच रोड, आणि त्याखाली काहीच नाही. १९७०मध्ये हे शहर उभारायला सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झालं आणि ९५ गावांच्या जमिनी या शहरासाठी संपादित झाल्या. जानेवारी १९८४मध्ये उरण तालुक्यातल्या जासई परिसरात आंदोलक शेतकऱ्यांवर गोळीबार झाला आणि पाच जणांचा जीव गेला. घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात विकसित जमीन परत देण्याच्या योजनेचा ‘साडेबारा टक्के’ हा शब्द आजही इथल्या घराघरांत बोलला जातो. घणसोली, करावे, सारसोळे, दिवा, सानपाडा ही गावं सेक्टरांच्या मध्ये अजून नांदती आहेत. त्यांच्या गावदेवी आहेत, जत्रा आहेत, कोळ्यांची नारळी पौर्णिमा आहे. ‘जुन्या जमिनीतून काहीतरी जागं होतं’ अशी तुमची गोष्ट असेल तर त्या जमिनीवर कुणाची भातशेती होती, कुणाचं मिठागर होतं, हे कळल्याशिवाय पुढचं पान लिहू नका. आगरी-कोळी घरातलं पात्र फक्त मासळी आणि मोठमोठ्याने बोलणं यांसाठी कथेत येत असेल, तर ते आत्ताच काढा किंवा त्याला पूर्ण माणूस करा.

गोष्टीचं वर्षही याच टप्प्यावर पक्कं करा. बेलापूर-पेंधर मेट्रो नोव्हेंबर २०२३मध्ये सुरू झाली. नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी विमानं डिसेंबर २०२५पासून उडू लागली. विमानतळाशेजारच्या उलव्यातला मुलगा गच्चीवर झोपून आकाश पाहतो, तेव्हा त्या आकाशात उतरणारं विमान आहे की नाही हे वर्षावर अवलंबून आहे.

*तपासा:* त्या भागात राहणाऱ्या एखाद्या शाळकरी मुलाला तुमचं एक पान वाचून दाखवा. ठाण्याहून वाशी-पनवेलकडे जाणारी ट्रान्सहार्बर लोकल तुम्ही एक नंबर प्लॅटफॉर्मवरून सोडली असेल, तर तो मुलगा तिथेच थांबवेल. ती नऊ-दहावरून सुटते. प्लॅटफॉर्म चुकवणाऱ्या लेखकाच्या यक्षांवर त्याने का विश्वास ठेवावा?

टप्पा ३: अद्भुत गोष्ट त्याच मातीतून काढा

आता, आणि आत्ताच, जादूकडे वळायचं. पाश्चात्य पुस्तकांतून आणि मालिकांतून आलेले रक्तपिपासू आणि नरलांडगे घोडबंदर रोडवर उतरवण्याचा मोह आवरा. आपल्याकडे जागेशी बांधलेल्या शक्तींची कमी नाही. पाणवठ्यावरच्या साती आसरा, म्हणजे सात जलदेवता, आहेत. पिंपळावरचा मुंजा आहे. रात्री वाट चुकवून माणसाला एकाच जागी फिरवत ठेवणारा चकवा आहे. अमावस्येला निघणारी वेताळाची पालखी आहे, वेशीवरचा म्हसोबा आहे. येऊर ज्या डोंगररांगेत आहे तिथल्या वारली पाड्यांत वाघोबा पुजला जातो, आणि तिथे बिबटे खरेच वावरतात.

यातली एक निवडा. फार तर दोन. बाकीच्यांना या पुस्तकात जागा नाही. ‘सगळीच आहेत’ अशी गोष्ट वाचताना यादी वाचल्यासारखी लागते.

निवडताना एक प्रश्न कामाला येतो: शहर बदललं तेव्हा या शक्तीचं काय झालं? चकव्याला अंधारी पायवाट लागते. मग प्रत्येकाच्या हातात नकाशा दाखवणारा फोन आल्यावर तो काय करतो? मुंजाचा पिंपळ रस्तारुंदीकरणात गेला, तर तो कुठे राहतो? साती आसरांचं तळं बुजवून त्यावर सोसायटी उभी राहिली, तर त्या कुठल्या पाण्यात जातील? ओव्हरहेड टाकीत? ठाण्याला तलावांचं शहर म्हणतात, आणि मासुंदा, कचराळी, उपवन, रायलादेवी, सिद्धेश्वर अशी पाणी असलेली नावं अजून आहेत, पण बुजलेल्या तळ्यांचीही इथे कमी नाही. शेवटचा प्रश्न मी पुढे उदाहरण म्हणून वापरणार आहे. मुक्ता, वय सोळा, अकरावी, वर्तकनगर. तिची जुनी इमारत पुनर्विकासाला निघाली आहे आणि शेजारच्या इमारतीचा नवा पाया खणताना खाली एका जुन्या तळ्याचं पाणी लागतं.

*सावध:* या शक्तींचे दोन गट वहीत वेगळे ठेवा. एक, ज्यांची आज कुणीतरी मनोभावे पूजा करतं. दुसरा, जे फक्त गोष्टींत उरलेत. पहिल्या गटातल्या दैवताला खलनायक करायचं, त्याला नवे अवगुण चिकटवायचे, आणि वर गावाचं खरं नावही द्यायचं, हे करू नका. पूजणाऱ्या घरात जाऊन बसा, विचारा, आणि सांगू नये असं ते म्हणतील ते लिहू नका. देवस्थान काल्पनिक ठेवलं तर तुम्हालाही मोकळीक मिळते.

*आणखी एक, जास्त गंभीर:* मानसिक आजार म्हणजे अंगात येणं, आणि मार किंवा धूप हा त्यावरचा उपाय, असं किशोरांच्या पुस्तकात चुकूनही ठरू देऊ नका. महाराष्ट्रात २०१३मध्ये जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला, तो खऱ्या माणसांवर खरे अत्याचार होत होते म्हणून. तुमचं पुस्तक वाचणाऱ्या एखाद्या मुलीच्या घरी हे आत्ता घडत असू शकतं. कथेतला भोंदूबाबा भोंदू आहे हे स्पष्ट दिसू द्या. नायिकेला आवाज ऐकू येतात आणि ती डॉक्टरकडे जाते, तेव्हा डॉक्टरला मूर्ख ठरवू नका.

टप्पा ४: नियमांचं एक पान

एकच पान. दहा पानांचे नियम हे लिहिणं पुढे ढकलण्याचं साधन होऊन बसतं. पानावर पाच प्रश्नांची उत्तरं हवीत: ही शक्ती कुणाला दिसते? केव्हा जागी होते? काय करू शकते? काय कधीच करू शकत नाही? आणि वापरणाऱ्याला काय द्यावं लागतं?

शेवटच्या दोनांवर सगळ्यात जास्त वेळ घालवा. मुक्ताच्या गोष्टीत असं ठरवता येईल: आसरा फक्त साचलेल्या गोड्या पाण्यातून बोलतात. नळाच्या वाहत्या पाण्यात त्या मुक्या, खाडीच्या खाऱ्या पाण्यात बहिऱ्या. त्या बुडालेली वस्तू परत देतात, बुडालेलं माणूस देत नाहीत. आणि प्रत्येक वेळी मोबदला म्हणून मुक्ताची एक आठवण घेतात. कुठली, ते त्या ठरवतात.

आता गोष्ट आपोआप पुढे सरकते. मुक्ताला शेजारच्या काकूंची हरवलेली अंगठी काढून देणं सोपं जातं. मग कुणी आणखी काही मागतं. मग एक दिवस तिला आजीचं गाणं आठवत नाही. जादूची किंमत नायिकेच्या जवळच्या गोष्टीतून चुकती झाली की वाचक घाबरतो. थकवा आणि नाकातून रक्त ही किंमत वाचकाने फार वेळा पाहिली आहे.

सहावा प्रश्न फक्त अर्बन फँटसीला लागतो: बाकीच्या शहराला हे का कळत नाही? ‘त्यांची स्मृती पुसली’ हे उत्तर आळशी आहे. शहराकडे स्वतःची उत्तरं तयार असतात. तळघरात पाणी शिरलं, तर ड्रेनेज तुंबलं असं म्हणून महापालिकेकडे तक्रार जाते, बिल्डर पंप लावतो, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन दिवस भांडण होतं आणि विषय संपतो. अशी उत्तरं जितकी खरी, तितकी जादू खरी वाटते.

*तपासा:* नियमांचं पान मित्राला द्या आणि म्हणा, ‘यातून पळवाट काढ.’ त्याने पाच मिनिटांत कादंबरीचा प्रश्न सोडवून दाखवला, तर नियम घट्ट करा. वाचणारी मुलंही हेच करणार आहेत, आणि ती तुमच्या मित्रापेक्षा चतुर असतात.

टप्पा ५: मुलगी, तिचं घर आणि तिचा फोन

नायिकेला काय हवंय, हे जादूचा उल्लेख न करता एका वाक्यात लिहिता आलं पाहिजे. मुक्ताला इमारत पडण्याआधी आजीला तिच्या खोलीत परत आणायचंय, कारण भाड्याच्या घरी गेल्यापासून आजी रस्ता विसरू लागली आहे. हे वाक्य असलं की आठवणी घेणाऱ्या आसरांना अर्थ येतो. हे वाक्य नसेल तर आसरा कितीही सुंदर लिहा, त्या देखावाच राहतील.

त्यानंतर तिचा आठवडा मांडा. कॉलेज किती वाजता, क्लास कुठे, घरी यायची मर्यादा काय, खर्चायला पैसे किती, ते कुणाकडून, रिक्षाला पुरतात का. अकरावीतली मुलगी मनात आलं म्हणून रात्री अकराला उपवनला जाऊ शकत नाही. गेलीच तर घरी काय सांगितलं, ते पान लिहावं लागेल. येऊरच्या जंगलात रात्री शिरायला वनखात्याची बंदी आहे, आणि तिथल्या चौकीला वळसा घालून जाणारी मुलं दाखवलीत, तर वाचणाऱ्यांतलं कुणीतरी तो प्रयोग खरोखर करून पाहू शकतं. तिथे बिबट्या काल्पनिक नाही. प्रवेश लागणारच असेल तर तिला पाड्यात राहणारी मैत्रीण द्या. मैत्रीण मिळाली की कादंबरीलाही एक चांगलं पात्र मिळतं.

आईवडिलांना पहिल्या प्रकरणात मारून टाकणं ही या प्रकारातली सगळ्यात सोपी सुटका. आपल्याकडे घर भरलेलं असतं: आजी, काका, वरच्या मजल्यावरच्या मावशी, ‘कुठे निघालीस गं?’ विचारणारे अण्णा. ही गर्दी अडथळा म्हणून वापरा. राक्षसाच्या तावडीतून सुटलेली मुलगी जिन्यात मावशींच्या तावडीत सापडते, तेव्हा वाचक हसतो आणि तिचा होतो.

फोनचा प्रश्न वेगळा सोडवायला हवा, कारण बहुतेक हस्तलिखितांचा मधला भाग इथेच कोसळतो. नायिका संकटात असते आणि वाचकाच्या मनात येतं: ही फोन का करत नाही? लोकेशन का पाठवत नाही? व्हिडिओ का काढत नाही? दर वेळी ‘बॅटरी संपली’ चालत नाही. त्यापेक्षा फोनला नियमांच्या पानात जागा द्या. मुक्ताच्या गोष्टीत आसरांचा आवाज रेकॉर्ड होतो, पण ऐकताना फक्त पाणी ठिबकल्याचा आवाज येतो. आईकडे तिचं लोकेशन कायम चालू असतं, म्हणून तळघरात उतरण्याआधी फोन मैत्रिणीच्या हातात देऊन तिला क्लासला पाठवावं लागतं. आता फोन असल्यामुळेच प्रसंग अवघड झाला. सोसायटीच्या गेटवर पाहुण्याची नोंद करणारं ॲप, लिफ्टमधला कॅमेरा, यूपीआयचा आईला दिसणारा हिशोब, या सगळ्यांचं असंच करा.

टप्पा ६: आधी दिनदर्शिका, मग प्रकरणं

गोष्ट किती दिवस चालते ते ठरवा आणि त्या महिन्यांची खरी दिनदर्शिका भिंतीला लावा. तिच्यावर चार रंगांत चार गोष्टी भरा.

चंद्र: पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो, वद्य अष्टमीचा मध्यरात्रीच्या आसपास. अमावस्येच्या पालखीवर चांदणं सांडणारी हस्तलिखितं मी पाहिली आहेत. शुद्ध तृतीयेची कोर रात्री दोन वाजता डोक्यावर नसते, ती संध्याकाळीच पश्चिमेला मावळते.

भरती-ओहोटी: खाडीवर प्रसंग असेल तर हे अटळ आहे. दोन भरत्यांमध्ये साधारण सव्वाबारा ते साडेबारा तासांचं अंतर असतं, आणि रोजची भरती आदल्या दिवसापेक्षा सुमारे पाऊण-एक तास उशिरा येते. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास उधाण, म्हणजे मोठी भरती, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे लहान भरती. मासुंदा किंवा कचराळीला भरती येत नाही, ही तळी आहेत. ठाणे खाडीतले रोहित पक्षी हिवाळ्यात येतात आणि मे-जूनपर्यंत दिसतात. गणपतीच्या प्रकरणात त्यांचा थवा उडवू नका.

परीक्षा आणि सण: बारावीचं पात्र फेब्रुवारी-मार्चमध्ये जग वाचवायला मोकळं नसतं. त्याला बोर्डाची परीक्षा आहे, आणि तोच ताण गोष्टीला उपयोगी पडू शकतो. नवरात्र, विसर्जन, दहीहंडी या रात्री रस्ते बंद असतात, पण मुलांना उशिरापर्यंत बाहेर राहायची मुभा मिळते. अवघड प्रसंग या रात्रींवर ठेवा.

पाऊस आणि लोकल: जुलैमध्ये रुळांवर पाणी येऊन गाड्या थांबू शकतात, आणि रोज मध्यरात्रीनंतर काही तास लोकल बंदच असते. पात्र शेवटच्या गाडीला चुकलं तर पहाटेपर्यंत ते कुठे असेल, हे आधी ठरवा.

हे भरून झालं की मग प्रकरणं लिहा, प्रत्येकाला दोन ओळी: या प्रकरणात मुक्ताला काय हवंय, आणि शेवटी काय हातातून जातं? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ज्या प्रकरणाला नाही, ते शेजारच्या प्रकरणात विरघळवा. पहिली अद्भुत घटना पहिल्या वीस-पंचवीस पानांत घडली पाहिजे. शेवट या आराखड्यातच ठरवा, नंतर बदलला तरी हरकत नाही.

टप्पा ७: भाषा ठरवा आणि पहिला खर्डा न थांबता लिहा

ठाण्यातली सोळा वर्षांची मुलं आपसांत मराठी, हिंदी आणि इंग्रजी यांची सरमिसळ बोलतात. ती जशीच्या तशी उतरवली तर दोन वर्षांत शिळी होते, आणि पूर्ण गाळली तर मुलं पुस्तकी वाटतात. निवेदन स्वच्छ मराठीत ठेवा आणि संवादात मुलांची लय घ्या: अर्धी वाक्यं, एकमेकांना तोडणं, टोपणनावं. चालू महिन्यातले परवलीचे शब्द टाळा. आगरी, कोळी किंवा वारली बोलीतले संवाद ती बोली घरात बोलणाऱ्या माणसाकडून तपासून घेतल्याशिवाय ठेवू नका, आणि त्या माणसाचं नाव ऋणनिर्देशात घाला.

युनिकोडमध्ये टाइप करा. जुन्या फाँटमधला मजकूर नंतर बदलताना रफार, ‘ऱ्य’, ‘ॲ’ हमखास बिघडतात.

रोज पाचशे शब्द लिहिलेत तर तीन महिन्यांत पंचेचाळीस हजार होतात. या काळात मागचं वाचून दुरुस्त करायचं नाही. काही बदलायचं सुचलं तर वेगळ्या वहीत टिपा आणि ते आधीच बदललंय असं समजून पुढे लिहा. पहिलं प्रकरण पुन्हा पुन्हा घासत बसलेल्या लेखकांकडे एक सुंदर पहिलं प्रकरण असतं, कादंबरी नसते.

टप्पा ८: दुरुस्तीच्या फेऱ्या

खर्डा महिनाभर बाजूला ठेवा. मग एका फेरीत एकच गोष्ट पाहा, आणि क्रम मोडू नका: आधी घटनांची साखळी, मग नियमांच्या पानाशी ताळमेळ, मग पात्रं, मग संवाद (मोठ्याने वाचून), मग वाक्यं, आणि शुद्धलेखन सगळ्यात शेवटी. जे प्रकरण उद्या उडवायचंय त्याचे ऱ्हस्व-दीर्घ आज का सुधारायचे?

घटनांच्या फेरीत प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला ‘म्हणून’ किंवा ‘पण’ बसतं का ते बघा. ‘आणि मग’ एवढंच बसत असेल तर दोन प्रकरणांत कार्यकारणाचा धागा नाही. जिथे एखादं वयस्क पात्र पानभर इतिहास सांगतंय, तिथे लाल खूण करा. मुक्ताला तळ्याचा इतिहास पुजाऱ्याने सांगण्यापेक्षा जुन्या सातबाऱ्यावर सापडू द्या, तोही अर्धा फाटका. शोधायला तिला ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात पाठवता येईल. १८९३मध्ये सुरू झालेली ही संस्था आजही चालू आहे, आणि तिला तिथे पाठवण्याआधी तुम्ही स्वतः तिथे जाऊन बसायला हवं.

*तपासा:* शेवटचा पेच नायिकेने स्वतः, आधी दिसलेल्या नियमांतून आणि स्वतःचं काहीतरी गमावून सोडवला का? ऐनवेळी नवी शक्ती आली असेल किंवा मोठ्यांनी येऊन वाचवलं असेल, तर टप्पा ४वर परत जा.

टप्पा ९: मुलांना वाचायला द्या

मोठ्या मित्रांचं मत उपयोगी असतं, पण ते तुमचे वाचक नाहीत. पालकांना विचारून, तेरा ते सतरा वयाची चार-पाच मुलं शोधा, शक्यतो तुमच्या नात्याबाहेरची. एखादं मूल नवी मुंबईचं असेल आणि एखादं दोन्ही शहरांबाहेरचं, तर उत्तम. ‘आवडलं का?’ विचारू नका, मुलं सभ्यपणे हो म्हणतात. हे विचारा: कुठल्या पानावर पुस्तक खाली ठेवलंस? कुठे पानं उडवलीस? कुठलं पात्र खोटं बोलतंय असं वाटलं? कुठे समजलं नाही? उत्तरं लिहून घ्या आणि वाद घालू नका. तिघांनी एकाच जागी बोट ठेवलं तर ती जागा बदला. मात्र त्यांनी सुचवलेला उपाय घ्यायलाच हवा असं नाही.

टप्पा १०: पाठवणं आणि करार

प्रकाशकाला सबंध हस्तलिखित आधी न विचारता पाठवू नका. एका पानाचं पत्र, शेवटासकट दोन पानांचा सारांश आणि पहिली तीन प्रकरणं पुरतात. ‘शेवट पुस्तकातच वाचा’ असं सारांशात लिहू नका. निर्णय घेणाऱ्याला शेवट आधी लागतो. प्रकाशकाने याआधी किशोरांसाठी काय छापलंय ते वाचून मगच पाठवा.

पुस्तक छापण्याआधी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पाहून घ्या. ती पहिल्या पुस्तकासाठी आहे, म्हणून इथे क्रम उलटला की संधी जाते. पुस्तक आल्यावर राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांत प्रथम प्रकाशनाचा वेगळा विभाग असतो, आणि वय पस्तिशीच्या आत असेल तर साहित्य अकादमीच्या युवा पुरस्काराची वाटही खुली असते.

प्रती छापायला तुमच्याकडूनच पैसे मागितले जात असतील, तर ते स्वखर्चाने प्रकाशन आहे. त्यात गैर काही नाही, पण मग हिशोब तसाच करा: किती प्रती, कुठला कागद, उरलेल्या प्रती कुणाच्या, वितरण कोण करणार. स्वतः प्रकाशक झालात तर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन एजन्सीकडून विनाशुल्क मिळतो. त्यासाठी मध्यस्थाला पैसे देऊ नका.

करार लेखी घ्या आणि सही करण्याआधी घरी आणून वाचा. कॉपीराइट लिहिल्याक्षणीच तुमचा असतो, त्यासाठी नोंदणीची अट नाही. कॉपीराइट कायदा, १९५७च्या कलम १९नुसार हक्क देताना मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरतेच हक्क दिले असं मानलं जातं. म्हणून ‘कायमस्वरूपी’, ‘जगभर’, ‘सर्व माध्यमांतील’ हे शब्द दिसले की थांबा. ते कुणीतरी मुद्दाम लिहिलेले असतात. छापील पुस्तक, ई-बुक, ऑडिओ, अनुवाद आणि दृश्य माध्यम ही पाच नावं वेगवेगळ्या ओळींत मागा, आणि जे प्रकाशक स्वतः करणार नाही ते तुमच्याकडे ठेवा. अर्बन फँटसीत शेवटची दोन विशेष महत्त्वाची असतात. मानधन छापील किमतीवर आहे की सवलत वजा करून उरलेल्या रकमेवर, ते आकड्यात लिहून घ्या. हिशोब वर्षातून किती वेळा आणि कुठल्या महिन्यात मिळेल, त्याचीही ओळ हवी. पुस्तक बाजारातून संपून अमुक महिन्यांत पुन्हा छापलं नाही तर हक्क परत येतील, हे कलम बहुतेक नव्या लेखकांच्या करारात नसतं. ते मागा, आणि पात्रांचे व पुढच्या भागांचे हक्क तुमच्याकडे राहतील हे त्याच्याच खाली लिहून घ्या.